‘याला मध्यंतरी पोटाचं झालं होतं’ : असा कुत्रा घरी आणावा का?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या भटक्या कुत्र्यांबद्दल अकरा दिवसांत दोन आदेश दिले. ११ तारखेचा आदेश होता, सगळी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा. २२ तारखेला त्यात दुरुस्ती झाली : नसबंदी करा, लस द्या, जंताचं औषध द्या आणि होती तिथे परत सोडा, रेबीज झालेली किंवा अंगावर धावून जाणारी मात्र सोडू नका. ज्यांना कुत्रा दत्तक घ्यायचा असेल त्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा, हेही त्याच आदेशात होतं.

दिल्ली आमच्यापासून फार लांब. पण तेव्हापासून देवगड तालुक्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावातही कुत्र्याच्या बाबतीत ‘दत्तक’ हा शब्द कानावर पडू लागला आहे. कणकवलीला नाहीतर कोल्हापूरला कुणीतरी उचलून सांभाळलेला कुत्रा असतो. मोबाईलवर फोटो येतो. डोळे बघूनच घरातली मुलं विरघळतात. आणि फोन ठेवता ठेवता पलीकडून एक वाक्य येतं : ‘बाकी सगळं छान आहे हो, फक्त याला मध्यंतरी पोटाचं झालं होतं.’

यावर कुणी म्हणतं, ‘नको रे बाबा, आजारी जनावर कशाला घरात?’ कुणी म्हणतं, ‘पोट काय, सगळ्यांचंच बिघडतं.’ दोन्ही उत्तरं घाईची आहेत. ‘पोटाचं’ हा काही एक आजार नव्हे. त्या शब्दाखाली एकदा होऊन कायमचा मिटलेला आजार येतो, आणि ज्याचं औषध शेवटपर्यंत रोजच्या जेवणात कालवावं लागतं तोही येतो. कुठला ते कळेपर्यंत हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. आमचा खंड्या चार वर्षांपूर्वी असाच आला. त्याच्यामुळे मला जे शिकावं लागलं, ते इथे लिहिते.

आतडं म्हणजे भाताचा कुणगा

खाल्लेलं अन्न जठरात घुसळलं जातं, त्याचा पातळ लगदा होतो आणि तो लहान आतड्यात उतरतो. अंगाला लागणारं जवळपास सगळं पोषण इथेच शोषलं जातं. पुढे मोठं आतडं उरलेल्यातलं पाणी ओढून घेतं आणि शी बांधून बाहेर टाकतं.

लहान आतडं आतून गुळगुळीत नसतं. लावणी झालेल्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या बांध घातलेल्या तुकड्यात, रोपं उभी असतात, तसे त्यात केसासारखे बारीक उंचवटे दाटीने उभे असतात. अन्नाचा लगदा त्यांच्यामधून वाहतो आणि ते त्यातलं सत्त्व शोषतात. या रोपांवरच्या पेशींचं आयुष्य जेमतेम काही दिवसांचं. जुन्या गळतात, नव्या खालून वर सरकतात. या नव्या पेशी तयार होतात रोपांच्या बुडाशी असलेल्या खाचांत. तो आतड्याचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं आधी वाढवतात ती जागा. आणि कुणग्याला जसा बांध, तसं आतड्याला अस्तर. आतले जंतू ते आतच थोपवून धरतं, रक्तात उतरू देत नाही.

तरवा, रोपं, बांध आणि पाणी. कुत्र्याच्या पोटाची बहुतेक दुखणी यांतलं काहीतरी बिघडल्याची असतात.

बिघाड कुठे आहे याचा अंदाज शी बघून बराचसा येतो. लहान आतडं बिघडलं तर शी पातळ आणि ढीगभर होते, दिवसातून दोनतीनदाच, पण कुत्रा हळूहळू वाळत जातो. मोठं आतडं बिघडलं तर थोडी थोडी, सारखी सारखी, कुंथून होते, शेंबडासारखी आव पडते, वजन मात्र फारसं उतरत नाही. ताजं लाल रक्त सहसा मोठ्या आतड्यातलं असतं. डांबरासारखी काळी, चिकट शी म्हणजे जठरात किंवा लहान आतड्यात वर कुठेतरी झालेला रक्तस्राव. डॉक्टरांना फोनवर ‘जुलाब होतायत’ एवढंच सांगण्यापेक्षा हे सांगितलंत तर त्यांचं अर्धं काम होतं.

पार्व्हो : तरवाच खाणारा आजार

दत्तक मिळणाऱ्या तरुण कुत्र्यांचा ‘पोटाचा इतिहास’ म्हणजे पुष्कळदा पार्व्हो, विषाणूमुळे होणारा आतड्याचा आजार. गावात त्याला सरसकट ‘गॅस्ट्रो’ म्हणतात. हा विषाणू जगभर पसरला तो १९७८ च्या सुमारास, म्हणजे फार जुना नाही. तो मुख्यतः सहा आठवडे ते सहा महिन्यांच्या पिल्लांना धरतो.

पार्व्होला वाढायला भराभर विभागणाऱ्या पेशी लागतात. अशा पेशी अंगात दोन ठिकाणी भरपूर : हाडांच्या मगजात, जिथे रक्तातले पांढरे शिपाई तयार होतात, आणि आतड्याच्या तरव्यात. उभी रोपं आपल्या वेळेला गळून पडतात, पण मागून लावायला तरवाच उरलेला नसतो. कुणगा उघडा पडतो, बांध फुटतो, आतले जंतू रक्तात शिरतात; आणि नेमके त्याच वेळी त्यांना अडवणारे शिपाई कमी झालेले असतात. पिल्लू उलट्या आणि रक्ताच्या जुलाबांनी दोनतीन दिवसांत कोमेजतं. उपचार मिळाले नाहीत तर बहुतेक पिल्लं जातात. सलाईन, उलटी थांबवणारी औषधं आणि जंतुसंसर्गावरची इंजेक्शनं वेळेवर मिळाली तर बहुतेक वाचतात. विषाणूला मारणारी साधी गोळी नाही. तरवा पुन्हा उगवेपर्यंत पिल्लाला जगवत ठेवणं हाच उपचार.

जो वाचला त्याला या आजाराविरुद्ध दीर्घकाळ टिकणारी प्रतिकारशक्ती मिळते. म्हणून ‘लहानपणी पार्व्हो झाला होता, आता दोन वर्षांचा आहे, अंगाने भरलेला आहे’ असं कुणी सांगितलं तर माझ्या मते ती काळजीची नव्हे, धीर देणारी गोष्ट आहे. एवढंच लक्षात ठेवा, की पार्व्होतून उठलेल्या काही कुत्र्यांना पुढे पोट वरचेवर बिघडण्याचा त्रास होतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. एकदा उजाड झालेली जमीन पूर्ववत कसदार व्हायला वेळ घेते, तसंच काहीसं.

खरी काळजी घ्यायची ती उलट दिशेने. तुमच्या अंगणात मागे पार्व्होने पिल्लू गेलं असेल तर विषाणू मातीत कित्येक महिने, वर्षभरही टिकू शकतो. फरशी धुऊन, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण दहा मिनिटं राहू दिलं तर तो मरतो. नेहमीच्या फिनाईलवर भरवसा ठेवू नका. आणि शेणाने सारवलेल्या किंवा मातीच्या खळ्यावर ब्लीचही नीट काम करत नाही. अशा घरात टोचण्या पूर्ण न झालेलं पिल्लू आणूच नये. या टोचण्या सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि चार महिन्यांचं होईपर्यंत ठरावीक अंतराने द्याव्या लागतात. एका टोचणीवर भागत नाही, कारण आईच्या दुधातून आलेलं संरक्षण सुरुवातीच्या लशी निष्प्रभ करतं, आणि ते नेमकं कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं.

जंत : सगळ्यात साधं, सगळ्यात दुर्लक्षित

त्या न्यायालयीन आदेशात लसीच्या बरोबरीने जंताच्या औषधाचं नाव आहे, ते उगाच नव्हे. पिल्लू गोल जंत आईच्या पोटातूनच घेऊन येतं आणि अंकुशकृमी दुधातून. हा अंकुशकृमी आतड्याला चावून रक्त पितो. हिरड्या गुलाबी असायच्या त्या पांढुरक्या दिसू लागतात. म्हणून पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की दर दोन आठवड्यांनी औषध सुरू करतात, पुढचं अंतर डॉक्टर ठरवतात. शेपटीखाली तांदळाच्या कण्यांसारखं काही चिकटलेलं दिसलं तर तो पट्टकृमी. तो पिसवांमधून येतो, म्हणून जंताची गोळी दिली आणि पिसवा तशाच ठेवल्या तर महिन्याभरात पुन्हा तेच.

जिआर्डिया नावाचा एकपेशीय जीव जंतांपेक्षा चिवट. गढूळ पाण्यातून येतो, एका तपासणीत बरेचदा सापडत नाही, म्हणून दोनतीन दिवसांची शी तपासायला द्यावी लागते. हे सगळं बरं होण्यासारखं आहे. एवढ्यासाठी कुत्रा नाकारू नये.

राखणदाराची चूक : अन्न न सोसणं

खंड्याचं दुखणं हे होतं. जेटीवर मासळीच्या टोपल्यांमागे वाढलेला, वर्षाचा, शी कायम पातळ. जंताचं औषध दोनदा झालं, फरक नाही. माझ्या आईचं म्हणणं, ‘तेका काय होवचा नाय. गावठी कुत्रो तो, दगडसुद्धा पचयता.’ हा समज आपल्याकडे घरोघरी आहे. गावठी कुत्रे काटक असतात हे खरं, पण आपल्याला दिसतात ते जगलेले. त्यांच्या वेताची उरलेली पिल्लं कुठे गेली हे कुणी मोजत नाही.

आतड्याच्या बांधावर शरीराचे राखणदार बसलेले असतात. शत्रू कोण, घरचा कोण, हे ते प्रथिनं ओळखून ठरवतात. काही कुत्र्यांत हा राखणदार चुकतो. कोंबडी, दूध, गहू अशा साध्या अन्नातल्या प्रथिनालाच तो चोर समजून आरडाओरडा करतो. त्या गदारोळात आतडं सुजतं, आणि ते प्रथिन रोज ताटात येत असेल तर सूज रोजची होते. तीन आठवड्यांहून जास्त चाललेल्या, दुसरं कारण न सापडलेल्या पोटाच्या त्रासात कितीतरी कुत्रे नुसतं अन्न बदलून सुधारतात. म्हणून डॉक्टर मोठ्या तपासण्यांआधी आहाराची परीक्षा सांगतात.

परीक्षेची तऱ्हा साधी, पाळणं अवघड. या कुत्र्याने आयुष्यात न खाल्लेलं एकच प्रथिन आणि एकच धान्य. किंवा ज्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की राखणदाराला ते ओळखूच येत नाहीत, असं तयार खाद्य. ते महाग असतं आणि तालुक्याच्या गावी सहज मिळत नाही. दोनतीन आठवडे दुसरं काहीही द्यायचं नाही. काहीही म्हणजे बिस्किट नाही, चपातीचा तुकडा नाही, कोंबडीच्या चवीची जंताची गोळीही नाही.

आमची पहिली परीक्षा फसली. मटण-भात चालू होता, फरक शून्य. मग कळलं की आई रोज पहाटे चहाच्या वेळी त्याला दुधात बुडवलेली चपाती देत होती. मायेनेच. मी रागावले आणि नंतर मला वाईट वाटलं, कारण ‘फक्त हेच द्या’ असं आम्ही तिला सांगितलं होतं, का ते कधी सांगितलंच नव्हतं. राखणदाराची गोष्ट सांगितल्यावर तिने स्वतःहून डब्यावर ‘खंड्या’ लिहिलं. दुसऱ्या खेपेला दहाव्या दिवशी शी बांधून आली. मग एकेक पदार्थ परत देऊन पाहिला. मासळीने काही झालं नाही. कोंबडीने तिसऱ्या दिवशी पुन्हा जुलाब.

म्हणून असा कुत्रा आणायचा असेल तर कुत्र्याआधी घराकडे बघा. घरातला प्रत्येकजण, शेजारच्या पोरांसकट, ठरलेल्या एकाच अन्नावर राहील का? ‘नाही’ असं वाटत असेल तर ते आधी सोडवा.

कायमचं औषध लागणारे

अन्न बदलून भागत नाही असेही असतात. काहींना सूज कमी करणारी औषधं दीर्घकाळ लागतात. काहींचं स्वादुपिंड, म्हणजे पाचक रस तयार करणारी जठराजवळची ग्रंथी, रसच बनवत नाही. असा कुत्रा अधाशासारखा खातो आणि तरी हाडं दिसेपर्यंत वाळतो; शी फिकट, तेलकट, ढीगभर. रक्ताच्या एका तपासणीने निदान होतं आणि पाचक रसांची भुकटी प्रत्येक जेवणात मिसळली की तो भरतो. पण ती जन्मभर. जर्मन शेफर्ड जातीत हे जास्त दिसतं. या दोन्ही प्रकारांत ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ बरेचदा कमी पडतं, कारण ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं आणि त्यासाठी लागणारा एक घटक कुत्र्यात मुख्यतः स्वादुपिंडच बनवतं. ते वेगळं द्यावं लागतं. इथे भावनेच्या भरात हो म्हणू नये. महिन्याचा खर्च, औषध कुठून येणार, पावसात घाट बंद पडला तर आठवडाभराचा साठा आहे का, हे आधी बघावं. जमत असेल तर जरूर आणावा.

सांभाळणाऱ्याला काय विचाराल?

निदान कोणी केलं आणि कशावरून, हे पहिलं. कागद मागा, मागण्यात संकोच नको. शेवटचा त्रास कधी झाला, तेव्हा उलटी होती का नुसते जुलाब, रक्तातलं प्रथिन कमी आलं होतं का (आलं असेल तर आजार खोल आहे), सध्या नेमकं काय खातो, किती वेळा. आणि वजन. सहा महिन्यांपूर्वीचं आणि आताचं. वजन टिकून असलेला कुत्रा पोटाने बऱ्यापैकी सावरलेला असतो. ‘सगळं खातो हो’ हे उत्तर मला आवडत नाही. ज्याचं पोट बिघडलेलं होतं तो काय खातो हे सांभाळणाऱ्याला ठाऊकच हवं.

आणल्यावर

पहिले आठ-दहा दिवस तो तिथे जे खात होता तेच द्या. जागा बदलल्याच्या ताणानेही मोठं आतडं बिघडतं. त्यातच अन्न बदललंत तर कशामुळे काय झालं ते कळणार नाही. मग जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत आठवडाभरात बदला. दूध नको : दुधातली साखर पचवणारा रस मोठ्या कुत्र्यांत फार कमी असतो. जुलाबाच्या दिवसांत मऊ भात किंवा पेज आणि साधं उकडलेलं, त्याला सोसणारं मांस ठीक, पण महिनोन्महिने नुसता भात-मासे म्हणजे पूर्ण आहार नव्हे. त्यात कॅल्शियम आणि इतर खनिजं कमी पडतात, वाढत्या पिल्लाची हाडं त्याने वाकतात. घरचं अन्न द्यायचं तर डॉक्टरांकडून पूरक भुकटी लिहून घ्या. मासे शिजवलेले, काटे काढलेले.

आपल्या किनाऱ्याचे धोके वेगळे आहेत. मे महिन्यात आंब्याच्या कोयी : आख्खी कोय आतड्यात अडकली तर शस्त्रक्रियेशिवाय गत नाही. जेटीवर गळ. तोंडातून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसाच डॉक्टरांकडे न्या. खारवलेल्या सुक्या मासळीतलं मीठ. कालवणातला कांदा-लसूण, जो कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. ओल्या खोबऱ्याची चरबी, जी नाजूक पोटाच्या कुत्र्याला जड जाते. आणि गणपतीतली खिरापत. पंचखाद्यातल्या पाच ‘ख’पैकी खिसमिस हा एक, द्राक्ष आणि मनुका कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतात. प्रेमाने दिलेली चिमूटभर खिरापतही नकोच.

पावसाळ्यात लेप्टोचा विचार करा. उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येणारा हा जंतू कुत्र्यालाही उलट्या, जुलाब, कावीळ करतो, आणि कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होऊ शकतो. त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते. ‘याला पोटाचं जुनंच आहे’ म्हणून पावसातलं नवं दुखणं अंगावर काढलं जाऊ नये.

घरातल्या पोरांना लागेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि रास्त आहे. कुत्र्याचा पार्व्हो माणसाला होत नाही. स्वादुपिंडाचं किंवा अन्न न सोसण्याचं दुखणं तर लागण्यासारखं नसतंच. जंत मात्र लागू शकतात. गोल जंताची अंडी पडल्या पडल्या धोक्याची नसतात, ती मातीत पिकायला साधारण दोनतीन आठवडे लागतात. म्हणजे शी रोजच्या रोज उचलून खोल पुरली तर धोका मुळातच तुटतो. अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या वाळूतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात आणि लाल, खाजरी, वळवळती रेघ उठते. किनाऱ्यावर कुत्र्याला फिरवताना पिशवी न्या, एवढी विनंती.

एक सावधगिरी मात्र जिवाची आहे. लस माहीत नसलेला कुत्रा लाळ गाळतोय, गिळता येत नाहीये, तर ‘घशात हाड अडकलं असेल’ म्हणून तोंडात हात घालू नका. रेबीजही असाच दिसतो. चावा किंवा जखमेवर लाळ लागली तर साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

कधी थांबायचं नाही?

मोठा कुत्रा एखादा दिवस जुलाबाने हैराण आहे पण खेळतोय, पाणी पितोय, तर पाणी आणि हलकं अन्न देऊन दिवसभर वाट बघता येते. अशा साध्या जुलाबात अँटिबायोटिक लागतंच असं नाही. मेडिकलमधून परस्पर आणू नका. माणसांच्या तापाच्या-दुखण्याच्या गोळ्या तर अजिबात नकोत, त्यातल्या काहींनी कुत्रे दगावतात. पिल्लू असेल, उलट्या थांबत नसतील, शीत रक्त असेल, पोट फुगून ताठ झालं असेल, किंवा मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू बसत असेल, तर रात्र असली तरी फोन करा. पिल्लाच्या अंगातलं पाणी काही तासांत संपतं.

खंड्याची एक शंभर पानी वही आहे. तारीख, जेवण, शी कशी, महिन्याच्या पहिल्या तारखेला वजन. आता बहुतेक पानांवर ‘नेहमीसारखं’ एवढंच असतं. गेल्या गणपतीत मुंबईहून सगळी आली तेव्हा माझा आठ वर्षांचा भाचा पायरीवर चप्पल काढता काढता ओरडला, ‘आजी, खंड्याचा खाऊ कुठे?’ आईने फळीवरून तिचा तो नाव लिहिलेला डबा काढला, त्यातल्या उकडलेल्या रताळ्याच्या दोन चकत्या त्याच्या हातावर ठेवल्या आणि म्हणाली, ‘दोनच हा. आणि वहीत लिव.’